वाढदिवस खानापूर तालुक्यात

१७ जानेवारी

दुपारी वर्ध्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसले. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी ही गाडी हजाराहून जास्त किलोमीटर धावते आणि तरीही राज्याबाहेर पाऊल टाकत नाही. राज्याबाहेर मला उद्या जायचं आहे, मिरजेला गाडी बदलून.

कॉलेजातली माझी मैत्रीण लग्न होऊन बेळगावला गेली आणि आता खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिकवते. गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "मुलं इंग्रजी वाचतात, प्रश्नोत्तरं घडाघडा पाठ म्हणतात, पण तोंडाने एक वाक्य स्वतःचं बोलत नाहीत. तू जानेवारीत ये. मार्च आला की एसएसएलसीच्या गडबडीत कुणाला वेळ नसतो." दहावीला तिकडे एसएसएलसी म्हणतात. मी वर्ध्यात इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. माझ्याकडे नर्सिंगच्या मुली येतात, बँकेच्या परीक्षा देणारे येतात, दुकान सांभाळून शिकणाऱ्या बायका येतात. शाळेतल्या मुलांना शिकवून बरीच वर्षं झाली होती. लगेच हो म्हटलं.

फक्त आई नाराज होती. माझा वाढदिवस २६ जानेवारीचा. आजवर तो कधी घराबाहेर झाला नाही. डबा भरताना ती म्हणाली, "तिकडे कोण ओवाळीन तुले?" मी म्हटलं, संध्याकाळी फोन करीन. तिने उत्तर दिलं नाही, डब्यात आणखी दोन दशम्या घातल्या.

१८ जानेवारी

सकाळी मिरज. इथून बेळगावची गाडी धरली आणि खिडकी सोडली नाही. शेडबाळ, उगार, मग कृष्णेवरचा पूल आणि कुडची. उगारला साखर कारखान्याचा वास डब्यात शिरला. दोन्ही बाजूंना ऊस, तोडणीच्या टोळ्या, बैलगाड्या. फलाटांवरच्या पाट्यांची लिपी बदलली होती, डब्यातली भाषा मात्र मिनिटामिनिटाला बदलत होती. समोरच्या बाई मुलाशी मराठीत, नवऱ्याशी कन्नडमध्ये आणि चहावाल्याशी दोन्हींत बोलत होत्या. चिंचली आल्यावर त्यांनी खिडकीतून हात जोडले. मायाक्काचं देवस्थान इथलं. माघातल्या जत्रेला कोल्हापूर-सांगलीकडून गाड्या भरभरून माणसं येतात, असं त्यांनीच सांगितलं.

बेळगावच्या थोडं अलीकडे सुळेभावी स्टेशन लागलं. गाडी थांबेतोवर मी उभी होते. कुमार गंधर्वांचा जन्म या गावचा, ८ एप्रिल १९२४ चा. पुढे आजारपणामुळे कोरड्या हवेसाठी ते देवासला गेले आणि तिथलेच झाले. ज्या मातीत जन्म आणि ज्या मातीत घर, ती दोन असू शकतात. वाढदिवस तोंडावर आलेला असताना असे विचार मनात येतातच.

१९ जानेवारी

बेळगाव बघायला एक दिवस पुरत नाही, पण दोन ठिकाणं मला चुकवायची नव्हती.

पहिलं किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने ती १२०४ मध्ये बांधली. आत नेमिनाथांची काळ्या पाषाणातली मूर्ती आहे आणि मंडपाच्या छतातून ७२ पाकळ्यांचं दगडी कमळ खाली लोंबतं. मान वर करून बघत राहिले. मैत्रिणीने ७२ चा हिशेब सांगितला: भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर.

दुसरं ठिकाण टिळकवाडीतली काँग्रेस विहीर. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. त्याची सगळी उभारणी गंगाधरराव देशपांड्यांनी केली आणि हजारो लोकांच्या पाण्यासाठी ही विहीर खोदली. आम्ही वर्ध्याची माणसं गांधीजींना आपले समजतो, कारण १९३६ नंतर ते सेवाग्रामला राहिले. इथल्या विहिरीच्या कठड्याला हात लावताना वाटलं, सेवाग्रामला राहायला यायच्या बारा वर्षं आधी ते या लोकांचे पाहुणे होते. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

दुपारी खानापूरची बस. कर्नाटकात २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे. कंडक्टरने सगळ्यांची कार्डं बघत शून्य रकमेची तिकिटं फाडली आणि माझ्या आधार कार्डावर वर्धा वाचून थांबला. मी पैसे दिले. शेजारच्या आजींना ते आवडलं नाही. "लेकीला कशाला वो तिकीट? मुलं शिकवायला आलीय की!" कंडक्टर हसून म्हणाला, "कायदा आहे अव्वा." आजींनी त्यांच्या पिशवीतले दोन पेरू माझ्या हातावर ठेवले आणि विषय संपवला.

खानापूरच्या आसपास कौलांचे आणि विटांचे भट्टे दिसत होते. पुढे रस्ता नंदगडकडे वळला आणि झाडी दाट झाली. मैत्रिणीच्या सासूबाई शाळेच्या गावात एकट्या राहतात, माझी राहण्याची सोय त्यांच्याकडे. पोरं त्यांना आजी म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले.

२० जानेवारी

वर्ग आठवीचा आणि नववीचा एकत्र. फळ्याजवळ उभी राहिले तेव्हा सगळे एका सुरात "गुड मॉर्निंग टीचर" म्हणून खाली बसले आणि गप्प झाले.

ही मुलं घरी मराठी बोलतात. बसच्या पाट्या, तलाठ्याचा दाखला, बाजारातला भाव यासाठी कन्नड लागतं आणि ते त्यांना येतं. टीव्हीमुळे हिंदी येतं. जंगलाकडच्या वाड्यांवरच्या काहींच्या कानावर कोकणीही आहे. तीन-चार भाषांतून रोज ये-जा करणाऱ्या मुलाला इंग्रजी जड जातं, ते त्या भाषेत त्याला कुणाला काही विचारायचं नसतं म्हणून. पाठ्यपुस्तकातला प्रश्न पुस्तकच विचारतं आणि उत्तरही पुस्तकातच असतं. मुलाचं त्यात काय आहे?

म्हणून मी एक नियम सांगितला. माझ्याबद्दल काहीही विचारा. प्रश्न इंग्रजीत आणि नीट बांधलेला असेल तर खरं उत्तर द्यायला मी बांधील. प्रश्न मोडका असेल तर सगळ्यांनी मिळून तो दुरुस्त करायचा आणि पुन्हा विचारायचा.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "यू आर लिव्ह इन वर्धा?" मी फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांना विचारलं, काय करू याचं? आपण मराठीत साधं वाक्य म्हणतो आणि शेवटी 'का' जोडतो, की प्रश्न तयार. इंग्रजीत मदतनीस क्रियापद पुढे येऊन उभं राहतं. 'डू' कुठे, 'डज' कुठे, 'डिड' कुठे, हे पाठ करून येत नाही, विचारत राहिल्याने येतं. तास संपेपर्यंत माझ्या घरात किती माणसं, मी भाकरी करते की पोळी, वर्ध्यात नदी आहे का, एवढं त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं होतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला कन्नड आकडे शिकवायला घेतले. ओंदु, येरडु, मूरु, नाक्कु, ऐदु. माझा उच्चार चुकला की सगळी हसत आणि पुन्हा म्हणायला लावत. शिकवण्यात ही मुलं माझ्यापेक्षा कडक आहेत.

२२ जानेवारी

काल नववीतला एक मुलगा आला नव्हता. आज आला, डोळे लाल. "टीचर, आमच्यात गवे यायलेत. रात्रभर उसात होतो." मी म्हटलं, हेच इंग्रजीत सांग. भूतकाळाचा धडा मी परवासाठी ठेवला होता, तो आजच सुरू झाला. "द गौर्स केम ॲट नाइट. वी लिट अ फायर. माय ग्रँडफादर शाउटेड." एकेक वाक्य तो शोधत होता आणि वर्ग श्वास धरून ऐकत होता, कारण गवे सगळ्यांच्याच शेतात येतात. भीमगडचं अभयारण्य इथून लांब नाही. कुणीतरी विचारलं, "डिड दे ईट द शुगरकेन?" प्रश्न अचूक होता आणि तो मला विचारलेला नव्हता. मुलं एकमेकांना इंग्रजीत विचारू लागली, तेही खरोखर जाणून घ्यायला. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात असा तास मला फार थोड्या वेळा मिळाला आहे.

२३ जानेवारी

आठवीतली एक मुलगी रोज पहिल्या बाकावर बसायची आणि एक शब्द बोलायची नाही. आज तिने हात वर केला, उभी राहिली आणि हळू पण स्वच्छ आवाजात विचारलं, "टीचर, व्हेन इज युवर बर्थडे?"

नियम माझाच होता. उत्तर दिलं.

वर्गात जो गलका झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर दारात आले.

२६ जानेवारी

सकाळी सात वाजता प्रभातफेरी. थंडी चांगलीच होती, आजींनी त्यांची शाल माझ्या खांद्यावर टाकली. मराठी आणि कन्नड घोषणा आळीपाळीने देत मुलं गावभर फिरली. झेंडावंदन झालं, भाषणं झाली, लाडू वाटले. लहानपणी मला वाटायचं की शाळेतला सगळा थाट माझ्या वाढदिवसाचा आहे. आई ते खरं मानू द्यायची.

मग नववीची मुलं म्हणाली, "टीचर, नंदगडला चला की." क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी नंदगडला फाशी दिलं, ते २६ जानेवारी १८३१ ला. म्हणजे माझ्या वाढदिवशी दरवर्षी इथे स्मरणाचा दिवस असतो, आणि बेचाळीस वर्षांत मला त्याचा पत्ता नव्हता. समाधीपाशी मोठी गर्दी होती. वडाच्या झाडाखाली उभं राहून पोरांनी मला त्याची गोष्ट सांगितली. मी त्यांना इंग्रजीत सांगा म्हटलं नव्हतं, त्यांनीच तशी सुरुवात केली. कित्तूरची राणी चन्नम्मा. दत्तक वारस नामंजूर करून इंग्रज कित्तूरवर आले, आणि २३ ऑक्टोबर १८२४ च्या लढाईत त्यांचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. पुढे कित्तूर पडलं, राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवलं आणि १८२९ मध्ये तिथेच तिचा अंत झाला. रायण्णाने माणसं जमवून रानातून लढा चालू ठेवला आणि शेवटी तो पकडला गेला. 'वॉज कॅप्चर्ड' म्हणताना सांगणारी मुलगी अडली, दुसरीने पुरवलं. जिथे इंग्रजी संपलं तिथे मराठी आली, एका म्हाताऱ्या गृहस्थांना कळावं म्हणून मध्ये कन्नडही आलं. ते गृहस्थ मान हलवत शेवटपर्यंत उभे होते.

घरी परतले तेव्हा आजींनी ओसरीवर पाट मांडला होता. भोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, सुपारी, अक्षता. त्यांच्या स्वतःच्या बोटातली अंगठीसुद्धा त्यांनी काढून ताम्हणात ठेवली होती.

"बस की. पोरीनं सांगितलं मला. तू सांगितलं न्हाईस ते न्हाईसच."

कुंकू लावलं, ओवाळलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. मैत्रीण बेळगावहून कुंद्याचा डबा घेऊन आली होती. दूध आणि खवा आटवून, भाजून केलेला तो करपट-गोड कुंदा आजींनी पहिला माझ्या तोंडात घातला. आई रोज सकाळी मला काय काय भरवायची ते सगळं त्या घासाबरोबर आठवलं आणि मी रडले. आजींनी पदराने माझे डोळे पुसले, कारण विचारलं नाही.

दुपारी शेवयांची खीर, तांदळाची भाकरी, पावट्याची उसळ. संध्याकाळचा स्वयंपाक मी मागून घेतला. वाढदिवसाला आमच्याकडे पाटोडीची रस्साभाजी होते. बेसन शिजवून ताटात थापलं, वड्या पाडल्या, खोबरं आणि तीळ भाजून रस्सा केला. आजी चुलीपाशी बसून बघत होत्या. "एवढं तिखट?" म्हणाल्या आणि दोनदा वाढून घेतलं.

तेवढ्यात अंगणात मुलं जमली. वह्या घेऊन आली होती. त्यांनी माझ्या जन्माविषयीचे प्रश्न काढले होते आणि त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. "वेअर यू बॉर्न ॲट नाइट ऑर इन द मॉर्निंग?" "डिड यू क्राय अ लॉट?" "हू गेव्ह यू युवर नेम?" हे आईलाच माहीत. घरात फोनला रेंज नव्हती. म्हणून सगळी वरात तळ्याच्या बांधावर गेली, तिथे दोन कांड्या येतात.

आईला इंग्रजी येत नाही. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि मुलांना सांगितलं, आईला मराठीत विचारा, ती मराठीत सांगेल, तुम्ही ते इंग्रजीत वहीत लिहा. एरवी फोनवर तिचं बोलणं "जेवली का, काय करून राहिली" एवढ्यात संपतं. आज ती बोलत राहिली. सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यात पहाटे माझा जन्म झाला. बाबा शाळेतल्या झेंडावंदनाला गेले होते, कारण ते शिक्षक होते आणि झेंड्याची दोरी त्यांच्याकडे होती. ते परत आले तेव्हा खिशात मुलांना वाटलेल्या मिठाईतला एक पेढा होता, तोच त्यांनी नर्सबाईंना दिला. नाव आत्याने ठेवलं. आणि मी अजिबात रडले नाही म्हणून आईच घाबरून रडली.

यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होते. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. हा पेढा मला कधी कुणी सांगितला नव्हता, कारण मीही कधी विचारलं नव्हतं.

मोबाइलच्या उजेडात मुलं लिहीत होती. "हर फादर हॅड द रोप ऑफ द फ्लॅग." वाक्य बरोबर आहे. मी दुरुस्त काही केलं नाही.

शेवटी आई म्हणाली, "आता मी विचारतो. ओवाळलं काय हिले कोणी?" सगळी पोरं एकदम ओरडली, "ओवाळलं!" आजींनी फोन मागून घेतला आणि दोघी बोलल्या. एक वर्ध्याची, एक खानापूरची, काही शब्द इकडचे तिकडे कळले नसतील. बोलणं मात्र थांबलं नाही. पोरांनी जाता जाता माझं वय कन्नडमध्ये म्हणून घेतलं: नलवत्तेरडु. हे मला पाठ झालं.

२७ जानेवारी

शाळा सुटल्यावर हलशीला गेलो. कदंब राजघराण्याची ही दुसरी राजधानी, तेव्हाची पलाशिका. आज कौलारू घरांचं शांत गाव आहे. भूवराह नरसिंहाचं मंदिर बाराव्या शतकातलं, आणि त्याची रचना मी दुसरीकडे पाहिलेली नाही: एकाच मंडपाच्या दोन टोकांना दोन गर्भगृहं, समोरासमोर. एकीकडे नरसिंह आणि नारायण, दुसरीकडे दातावर पृथ्वी उचललेला वराह. मधे उभं राहिलं की दोन्ही देवांकडे एकदम पाठ होत नाही आणि एकदम तोंडही होत नाही.

पहिल्या बाकावरच्या त्या मुलीचं आजोळ हलशीचं. तिने मला इंग्रजीत मंदिर दाखवलं. हुबळीहून आलेलं एक कुटुंब मागे येऊन थांबलं, तशी ती त्यांच्यासाठी कन्नडमध्ये सांगू लागली. आठवड्यापूर्वी न बोलणारी मुलगी. मी बाजूला उभी राहून ऐकलं.

२८ जानेवारी

आज निघाले. मैत्रीण आणि मी स्टँडवर बसची वाट बघताना पुढचं ठरवलं. माझ्या वर्ध्याच्या वर्गातल्या नर्सिंगच्या मुलींनाही बोलायला माणूस हवं असतं. तेव्हा फेब्रुवारीपासून शनिवारी शाळा सुटल्यावर इकडची चार मुलं आणि तिकडच्या चार मुली फोनवर बोलतील. नियम तोच, प्रश्न नीट बांधलेला असेल तर खरं उत्तर द्यायचं. रेंजसाठी पोरांना बांधावर जावं लागेल, त्याला मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. पहिला प्रश्न कुणी विचारायचा यावरून वर्गात भांडण सुरू आहे, त्यामुळे शुक्रवारी चिठ्ठ्या टाकणार आहेत.